राजाचं माप

यंदा गुढीपाडवा आणि ईद एकाच आठवड्यात येत आहेत. गेल्या वर्षी तर पाडव्याच्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि दुसऱ्या दिवशी ईद झाली. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि त्यात अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. पाडव्याला असाच चिकटून आलेला रमजान मला आठवतो तो १९९३ सालचा. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि अब्बांच्या दुकानात काजं करायला बसत होते.

आमचं घर नारायणगावात. घराच्या पुढच्या खोलीत अब्बांचं शिवणकामाचं दुकान. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, हे जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, मालक-मॅनेजरांशी बोलणी होतात आणि यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी या गावाचं नाव दिल्लीपर्यंत नेलं. १९५७ आणि १९९० अशी दोन वेळा राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना राज्य शासन जो जीवनगौरव पुरस्कार देतं, तोही आज त्यांच्याच नावाचा आहे.

त्या रमजानात अब्बांच्या कटिंगच्या टेबलावर दोन ढीग असायचे. एका बाजूला मोहल्ल्यातल्या पोरांचे ईदचे कुर्ते-पायजमे. दुसऱ्या बाजूला फडांचे कपडे: राजाचा अंगरखा, प्रधानाचा झगा, सोंगाड्याचा ढगळ सदरा, गौळणींच्या चोळ्या. पहिला ढीग पांढरा, दुसरा लाल, हिरवा, जांभळा. अब्बा तरावीहची नमाज पढून आले की मशीनवर बसत ते थेट सहेरीपर्यंत. शिंप्याला सुईत दोरा ओवताना टोक ओठांत धरून ओलं करायची सवय असते. रोज्यात ते चालत नाही. म्हणून दिवसा मशीनशेजारी पाण्याची एक छोटी वाटी असे. तिच्यात बोट बुडवायचं आणि दोऱ्याचं टोक वळायचं. रमजान म्हटलं की मला आजही खजुराच्या आधी ती वाटी आठवते.

मी मुलगी असल्यामुळे तमाशा पाहायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण तमाशा पाहण्याच्या कितीतरी आधी मी तमाशाचे कपडे पाहिले, उसवले, टाचले. आज मी महाविद्यालयात मराठी शिकवते, नाटक शिकवते. वेशभूषा आणि नेपथ्य या विषयांवर पुस्तकंही वाचली. पण या विषयाचा पहिला धडा मला त्या टेबलाखाली बसून मिळाला.

अब्बा म्हणायचे, शेवटच्या रांगेतल्या माणसाला राजा दिसला पाहिजे. म्हणून अंगरख्यावर बारीक, नाजूक भरतकाम ते करत नसत. रुंद जरीची पट्टी आणि मोठ्या टिकल्या. जवळून पाहिलं तर भडक, लांबून पाहिलं तर राजेशाही. जर फक्त पुढच्या बाजूला, पाठीला साधं कापड. एक तर पैसे वाचत आणि दुसरं म्हणजे रात्रभर घाम गाळणाऱ्या माणसाच्या पाठीला जर टोचत नसे. वगात एकच नट दोन-तीन सोंगं घेतो, म्हणून काही झगे त्यांनी दोन्ही बाजूंनी घालता येतील असे शिवले होते. हिरवी बाजू वर असली की प्रधान, उलटा करून लाल बाजू वर आणली की परमुलखातला सरदार. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. कपडे टाकायला आलेल्या माणसाला ते एकच प्रश्न विचारत: ‘अंगावर चढवायला वेळ किती मिळतो?’ त्या उत्तरातून बंद कुठे आणि बटण कुठे, हे ठरे.

कापलेल्या कापडाच्या चिंध्याही टाकल्या जात नसत. त्यांचं एक पोतं भरलं की अम्मी गोधडी घालायला घेई. आमच्या गोधडीत ईदचा पांढरा कपडा आणि राजाचं जांभळं साटीन शेजारी शेजारी असे. चिंधीतून काही घडवणं ही या भागाची जुनीच सवय. जुन्नरचा हातकागद एके काळी प्रसिद्ध होता आणि पेशव्यांच्या दफ्तरात तो वापरला जाई. तो तयार करणारे कागदी हे मुसलमान कारागीर. जुनं गोणपाट, ताग असं टाकाऊ सामान चुन्यात भिजवायचं, कुटायचं, नदीच्या पाण्यात धुवायचं, त्याचा लगदा जाळीवर उचलायचा, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. ज्या कागदावर राज्याचे हुकूम लिहिले गेले, त्याची सुरुवात फाटक्या गोणीत होती.

आता १९९३ बद्दल. त्या वर्षीचा रमजान वेगळाच होता. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत दंगली झालेल्या. १२ मार्चला, रमजानच्याच शुक्रवारी, मुंबईत बॉम्बस्फोट झाले. आमच्या गावात काही घडलं नाही, पण माणसं कमी बोलायला लागली होती. अब्बांनी दुकानाचं एक फळकूट लावून ठेवलेलं आणि एकच उघडं. पाडवा जवळ आला तरी टेबलाची उजवी बाजू रिकामी होती. घरात कोणी बोललं नाही, पण सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. फडांचं काम गेलं तर वर्षाची निम्मी कमाई गेली.

एका दुपारी एका फडाचे मॅनेजर आले. नेहमीसारखं गाठोडं टेबलावर टाकलं आणि म्हणाले, ‘मास्तर, पाडव्याला पाहिजेत.’ अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘यंदा दुसरीकडं टाकले असते तरी माझा राग नव्हता.’ मॅनेजर गाठोड्याची गाठ सोडत म्हणाले, ‘दुसरीकडं कसं टाकायचं? राजाचं माप तुमच्याकडं हाय.’

एवढंच बोलणं झालं. एकोप्यावर भाषण नाही, की डोळ्यांत पाणी नाही. अब्बांनी लावलेलं फळकूट काढलं, कारण मखमलीचा रंग पाहायला उजेड लागतो.

त्या ईदला माझा फ्रॉक राजाच्या अंगरख्यातून उरलेल्या हिरव्या साटीनचा झाला. पुढे जरीची पट्टी, पाठ साधी. मला तो इतका आवडला की शाळेतल्या एका कार्यक्रमालाही मी तोच घालून गेले. तिथे वर्गातली एक मुलगी मोठ्यानं ओरडली, ‘अगं, हे तर आमच्या यात्रेतल्या तमाशातल्या राजाचं कापड!’ सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन फ्रॉक ट्रंकेच्या तळाशी घातला आणि पुन्हा कधी घातला नाही. मोहल्ल्यातही एक-दोन बुजुर्ग अब्बांना टोकत असत, की रमजानच्या पाक महिन्यात तमाशाचे कपडे कशाला शिवता? अब्बा उत्तर देत नसत. मी मात्र दोन्हीकडचं बोलणं मनात धरलं. पुढे महाविद्यालयात प्रवेश घेताना, नोकरीचा अर्ज भरताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी नेहमी ‘कापड व्यवसाय’ लिहीत गेले. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

ही गोष्ट पुन्हा वर आली ती आमच्या विद्यार्थ्यांच्या एका एकांकिकेमुळे.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते मूळ आंबेगाव आज घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पश्चिम पट्ट्यातल्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांची जमीन त्याच पाण्यात गेलेली. त्यानं त्यावर एकांकिका लिहिली. संहिता चांगली होती, पण नेपथ्य आणि वेशभूषा ठरेना. मुलं रोज मोबाइलवरून नवी चित्रं घेऊन येत. कोणी परदेशी रंगमंचावरचा काचेचा पूल दाखवी, कोणी मुंबईच्या मोठ्या नाटकातली फिरती पायरी. शेवटी धरणाचा एक मोठा फोटो फ्लेक्सवर छापून मागे लावायचा, असं ठरत आलं. नेपथ्याची जबाबदारी जिच्याकडे होती ती मुलगी वैतागून म्हणाली, ‘मॅडम, आपल्याकडं बघण्यासारखं असतंच काय? सुचणार कुठून?’

मी त्यांना आधी पुण्यात जन्मलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. इब्राहिम अल्काझी १९२५ साली पुण्यात एका अरब व्यापाऱ्याच्या घरी जन्मले आणि पुण्यातच शाळा शिकले. फाळणीनंतर घरची माणसं पाकिस्तानात गेली, हे इथेच राहिले. पुढे १९६२ ते १९७७ ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. धर्मवीर भारतींचं ‘अंधायुग’ त्यांनी १९६३ मध्ये फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या अवशेषांत केलं. पडद्यावर पडका वाडा रंगवण्यापेक्षा खरे पडके दगडच त्यांनी रंगमंच म्हणून वापरले. ते दगड कित्येक शतकं तिथेच होते, त्यांच्याकडे नेपथ्य म्हणून पाहणारे डोळे हवे होते. त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी नाटकांचे कपडे करत. प्राचीन भारतीय वेशभूषेवर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याचा आधार होता जुन्या शिल्पांतला पेहराव. सातवाहन काळातला माणूस कंबरेला काय बांधत होता, हे त्या काळच्या दगडावर कोरलेलं आहे. आणि सातवाहनांचा नाणेघाट आपल्या तालुक्यात आहे.

मग कोल्हापूरच्या भानू अथैया. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. मुलांना वाटलं, ऑस्कर म्हणजे झगमगाट असणार. पण त्या चित्रपटात सगळ्यात जास्त कपडे कोणाचे होते? शेतकऱ्यांचे, मजुरांचे, खादी घातलेल्या गर्दीचे. आणि बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत उतरत जाणारा एका माणसाचा वेश. कपडा कमी होत जातो, तसा माणूस मोठा होत जातो. हे दाखवायला आधी साधा पंचा नीट पाहिलेला असावा लागतो.

फॅशनचंही तसंच. बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूची, पदर घेण्याच्या रीतीची आणि दागिन्यांची त्या काळच्या बायकांनी नक्कल केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पदर सावरण्याची ती लकब त्यांनी आभाळातून आणली नव्हती. ती घरोघर होतीच. घरातून रंगमंचावर गेली, जरा उजळली आणि पुन्हा घरात आली.

एवढं सांगून झाल्यावर मी म्हटलं, आता बोलणं पुरे, शिवनेरीवर जाऊ.

शिवनेरी आम्ही सगळ्यांनी शंभरदा पाहिलेला. तरी त्या दिवशी मुलांना एकच सूचना दिली: फोटो काढायचा नाही, फक्त पाहायचं. गडावर पाण्याच्या टाक्याशी कमानी मशीद आहे. दोन मनोरे आणि त्यांना जोडणारी उंच कमान. खालून येताना त्या कमानीतून नुसतं आभाळ दिसतं. मुलं बराच वेळ बसून राहिली. मग ती नेपथ्यवाली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आख्ख्या इमारतीतली कमान तेवढी डोक्यात राहते. बाकी सगळं आपणच मनात बांधतो.’

एकांकिका लिहिणारा मुलगा तेव्हा काही बोलला नाही. गड उतरताना त्यानं सांगितलं, ‘माझी आजी सांगती, गाव सोडताना आज्यानं घराची चौकट काढून आणली. भिंती राहिल्या, चौकट आणली. अजून आमच्या पडवीत पडून आहे.’

आमचं नेपथ्य तिथे ठरलं. रंगमंचावर एकच लाकडी चौकट. भिंत नाही, छप्पर नाही. पात्रं तिच्यातून आत-बाहेर करतील आणि घर प्रेक्षक मनात बांधतील. फ्लेक्सचे पैसे वाचले.

प्रश्न उरला पाण्याचा. शेवटी गाव बुडतं, ते कसं दाखवायचं? ती मुलगी दोन दिवस वर्गात आली नाही. तिसऱ्या दिवशी एक मोठं बोचकं घेऊन आली. त्यात निळी कनात होती, जुनी, जागोजागी ठिगळं लावलेली. तंबूच्या बाजूला लावतात ती. म्हणाली, ‘ही पसरली की पाणी होईल, मॅडम. चार जणांनी चार टोकं धरायची आणि हळूहळू वर आणायची.’ कोणीतरी विचारलं, ‘कुठून आणलीस?’ ती म्हणाली, ‘भाड्यानं.’

तालीम संपल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, ‘मॅडम, भाड्यानं नाही. आमच्या फडाची आहे. आजी नाचायची, आता काका फड चालवतो. कॉलेजात कोणाला माहीत नाही. फॉर्मवर मी शेती लिहिलंय.’

मी तिला म्हटलं, ‘मी कापड व्यवसाय लिहायचे.’

तिला कळेना. मग मी तिला सगळं सांगितलं. वाटीतलं पाणी, दोन ढीग, हिरवा फ्रॉक. तेहेतीस वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

रमजानच्या महिन्यात हे लिहिण्याचं एक कारण आहे. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पैगंबरसाहेब गर्वाबद्दल बोलत होते. मनात कणभर गर्व असलेला माणूस स्वर्गात जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा एकानं विचारलं, की माणसाला आपले कपडे चांगले असावेत, जोडे चांगले असावेत असं वाटतं, मग तोही गर्व का? त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की अल्लाह स्वतः सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं. गर्व म्हणजे सत्य नाकारणं आणि माणसांना कमी लेखणं.

हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकला आहे. ईदला नवे कपडे का घालायचे, हे सांगताना तो सांगितला जातो. माझं लक्ष नेहमी त्याच्या पहिल्या भागावर असे: चांगले कपडे घालायला हरकत नाही. दुसरा भाग माझ्यासाठी होता, हे त्या संध्याकाळी कळलं. साटीनच्या फ्रॉकमध्ये गर्व नव्हता. तो ट्रंकेच्या तळाशी लपवण्यात होता. ज्यांच्या कपड्यांवर आमची चूल पेटली आणि माझी फी भरली गेली, त्यांना मी कमी लेखत होते. आणि अब्बांनाही.

सुचत नाही, असं मुलं म्हणतात तेव्हा मला आता वाटतं, अडचण सुचण्याची कमी आणि लाजण्याची जास्त असते. ज्याची लाज वाटते, त्याकडे आपण नीट पाहतच नाही. आणि न पाहिलेल्या गोष्टीतून काही सुचणार तरी कसं? पडवीतली चौकट त्या मुलाच्या डोळ्यांसमोर रोज होती, ठिगळांची कनात त्या मुलीच्या घरात होती, राजाचा झगा माझ्या मांडीवर होता. आम्ही तिघंही दुसरीकडेच पाहत होतो. रोजा फक्त पोटाचा नसतो, डोळ्यांचाही असतो, असं आमच्याकडे सांगतात. त्याचा अर्थ नको ते पाहू नये असा घेतला जातो. जे पाहायला हवं ते पाहावं, हाही त्यातच येत असावा.

एकांकिकेला बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी शेऱ्यात ‘नेपथ्य साधे’ एवढंच लिहिलं होतं. ते कौतुक होतं की तक्रार, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. पण निळी कनात हळूहळू चौकटीच्या उंबऱ्यापर्यंत चढली, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या त्या मुलाच्या आजीनं पदर तोंडाला लावला, ते मी पाहिलं. शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं होतं.

ती मुलगी आता वेशभूषेच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करते आहे. त्यासाठी स्वतः शिवलेले काही कपडे दाखवायचे असतात. काकांच्या फडासाठी या पाडव्याला नवे अंगरखे शिवायचे तिनं ठरवलं आहे आणि शिवायला ती आमच्याकडे येते. अब्बा जाऊन काही वर्षं झाली, पण मशीन चालू आहे. संध्याकाळी इफ्तारच्या वेळी ती खजूर आणि कलिंगड माझ्यासोबत खाते आणि पुन्हा मशीनवर बसते.

परवा तिनं विचारलं, ‘मॅडम, जुन्या अंगरख्यांची मापं कुठं मिळतील?’ मी कपाटातून अब्बांची मापाची वही काढली. ती उर्दूत लिहिलेली, त्यामुळे वाचायचं काम माझं. त्या वहीत नटांची नावं नाहीत. राजा, प्रधान, सोंगाड्या, मावशी असंच लिहिलेलं, पुढे छाती, खांदा, बाही, उंची. मी एकेक ओळ वाचत गेले आणि ती खडूनं पाटीवर उतरवत गेली. १९९३ च्या पानावर राजाच्या खाली आणि प्रधानाच्या वर एक छोटं माप होतं. त्यापुढे लिहिलं होतं: बेटी, ईद.

‘हे कोणाचं?’ तिनं विचारलं.

‘माझं,’ मी म्हटलं. ‘पुढं लिही. राजाचं माप सांगते.’